‘मी भूक आहे’ म्हणणाऱ्या सुनेचं मराठी

“ताई, मी इंदूरच्या रामबागेत राहते. वय ६४. मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. चार वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. सून गुणी आहे आणि तिला मनापासून मराठी शिकायचं आहे. मागच्या दिवाळीत इथे आली होती तेव्हा भर पंगतीत धीर करून म्हणाली, ‘मी भूक आहे.’ सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्यानंतर जाईपर्यंत तिने मराठीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. आता नोव्हेंबरात ती तीन महिन्यांसाठी येते आहे, ऑफिसचं काम इथूनच करणार. मुलगा म्हणतो, ‘आई, इंग्रजी बोलणाऱ्यांना सगळ्यात कठीण जाणाऱ्या भाषांत मराठी येते, उगाच तिच्या मागे लागू नकोस.’ शेजारी म्हणतात, आधी हिंदी शिकवा, बाजारात तीच लागते. आणि पुण्याची नणंद म्हणते, ‘वहिनी, तुझंच मराठी निम्मं हिंदी, तू तिला काय शिकवणार?’ हे मात्र मनाला लागलं. आमच्या पाच पिढ्या इंदुरात गेल्या. मी तिला शिकवावं का? आणि शिकवायचं तर सुरुवात कुठून करू? – एक सासू, रामबाग”

वहिनी, नमस्कार.

शिकवा. तुम्हीच शिकवा आणि मराठीच शिकवा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘मीसुद्धा हसले’ इथे थांबले. त्या हसण्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण आधी तुमच्या मुलाच्या म्हणण्याकडे वळू, कारण त्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं ऐकीव आहे.

भाषा कठीण की सोपी हे शिकणाराच्या तोंडात आधी कुठली भाषा बसली आहे त्यावर ठरतं. वडोदऱ्याची गुजराती मुलगी सहा महिन्यांत मराठी बोलायला लागते, लीड्सच्या मुलीला तसं जमणार नाही, कारण तिला जास्त लांबून चालत यायचं आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांपुरतं हे अंतर मोजण्याचं काम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने केलं आहे. परदेशी वकिलातींत जाणाऱ्या माणसांना तयार करण्यासाठी त्यांनी १९४७ साली फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट काढली. आठवड्याला २५ तास वर्ग आणि शिवाय रोज तीन-चार तास स्वतःचा अभ्यास, अशी तिथली शिस्त. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी भाषांच्या पायऱ्या लावल्या आहेत. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन या भाषा २४ ते ३० आठवड्यांत येतात. जर्मन, इंडोनेशियन, स्वाहिली यांना साधारण ३६ आठवडे लागतात. त्याच्या वरच्या पायरीवर ४४ आठवड्यांच्या, म्हणजे ११०० तासांच्या भाषा आहेत, आणि तिथे रशियन, ग्रीक, तुर्की, फिनिश यांच्या पंगतीला आपल्या हिंदी, उर्दू, बंगाली, नेपाळी, तमिळ, तेलुगू बसलेल्या आहेत. सगळ्यात वर पाचच: अरबी, मँडरिन, कँटोनीज, जपानी आणि कोरियन. त्यांना ८८ आठवडे, २२०० तास.

मराठी हिंदीच्या घरातलीच, तेव्हा तिलाही त्या ११०० तासांच्या पायरीवर बसवायला हरकत नाही. म्हणजे स्पॅनिशच्या दीड-पावणेदोनपट कष्ट, पण चिनी-जपानीच्या निम्मे. मुलाला हे आकडे दाखवा. जपानी वर्तमानपत्र वाचायचं तर नेहमीच्या वापरातली म्हणून सरकारने ठरवलेली २१३६ चित्राक्षरं लागतात, शिवाय दोन वेगळ्या वर्णमाला. मँडरिनमध्ये सूर चढला की उतरला यावरून शब्दाचा अर्थ बदलतो. अरबीत ऱ्हस्व स्वर एरवी लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ते मनाने भरायचे, आणि वर्तमानपत्रातली अरबी वेगळी, कैरोच्या रस्त्यावरची वेगळी. कोरियन लिपी १४४६ साली राजा सेजोंगने प्रजेला दिली. ती चार दिवसांत येते, पण समोरचा माणूस कोण आहे ते बघून क्रियापदाचं शेपूट बदलावं लागतं, आणि तिथेच शिकणारे थकतात. आपली देवनागरी रोज थोडी गिरवली तर पंधरा-वीस दिवसांत वाचता येते.

आता हिशेब करा. तीन महिने रोज तीन तास ती तुमच्याशी मराठीत वावरली, तर २७० तास होतात. ते ११०० तास वकिलातीत बसून करारमदार वाचण्यासाठी आहेत. तुमच्या सुनेला तुमच्याशी ओट्यापाशी बोलायचं आहे, चुलतसासऱ्यांची चौकशी करायची आहे, लहान मुलांना हाक मारायची आहे. त्यासाठी २७० तास हे चांगलं भांडवल आहे.

तिला खरोखर अडतं कुठे, हे मात्र तुम्हाला आधी समजून घ्यावं लागेल. आपल्याला आपल्या भाषेतली गाठ दिसत नाही, कारण ती आपण कधी सोडवलेलीच नसते.

एक कागदाची पट्टी घ्या आणि तोंडासमोर धरून ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’ म्हणा. पहिल्याला पट्टी हलणार नाही, दुसऱ्याला फडफडेल. आता सुनेला तिच्या इंग्रजीतलं ‘पिन’ म्हणायला सांगा. पट्टी हलेल. मग ‘स्पिन’ म्हणायला सांगा, हलणार नाही. म्हणजे वाऱ्याचा आणि बिनवाऱ्याचा असे दोन्ही ‘प’ तिच्या तोंडात जन्मापासून आहेत. इंग्रजीत त्यांनी अर्थ बदलत नाही, म्हणून तिच्या कानाने ते वेगळे ठेवलेले नाहीत, एवढंच. तिला ‘स्पिन’मधला ‘स’ गिळून उरलेलं बोलायला लावा. निघालेला ‘प’ ‘पळ’चा असेल. हे जमलं त्या क्षणी शिकणाराच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी कित्येकदा पाहिलं आहे, अजूनही मला त्याचा आनंद होतो.

‘त’ आणि ‘ट’चंही तसंच. इंग्रजी जीभ या दोघांच्या मधे, हिरडीवर टेकते, म्हणून तिचा ‘त’ आपल्याला ‘ट’ ऐकू येतो. ‘ताट’ या एका शब्दात दोन्ही आहेत, आणि ती ‘टाट’ म्हणेल. तिला इंग्रजी ‘थिन’ म्हणताना जीभ दाताला लावायची सवय आहेच. तिथेच जीभ ठेवून ‘त’ म्हणायला सांगा. देवापुढची वात आणि घराची वाट, एवढे दोनच शब्द आठवडाभर घोकले तरी पुष्कळ. ‘ळ’ला वेळ लागेल, लागू द्या. तुमचा दूधवाला मालवी बोलणारा असला तर त्याच्या तोंडचा ‘ळ’ तिला मुद्दाम ऐकवा, म्हणजे तो फक्त सासूच्या घरचा नाही, इथल्या मातीतलाही आहे हे तिला कळेल.

‘च’ची गंमत तर आपल्यालाही माहीत नसते. ‘चहा’चा ‘च’ निराळा आणि ‘चमचा’चा निराळा. त्यात पुन्हा ‘चमच्याने’ म्हटलं की त्याच शब्दातला दुसरा ‘च’ चहाच्या ‘च’सारखा होतो! ‘माझा’ आणि ‘माझी’ सावकाश म्हणून बघा, दोन्हींत ‘झ’ एकच लिहितो पण बोलतो वेगळा. तिला हे नियम सांगत बसू नका. ‘कॅट्स’च्या शेवटी जो आवाज येतो त्याने शब्द सुरू कर म्हणजे ‘चमचा’ होईल, एवढं पुरे.

आणि तिच्या घाबरण्यावर एक औषध आहे, तेही आधीच द्या. नाव आणि नेम, नवा आणि न्यू, तारा आणि स्टार, दार आणि डोअर, सात आणि सेव्हन, आठ आणि एट हे शब्द तिच्यासमोर एकाखाली एक लिहा. हे उसने घेतलेले नाहीत. मराठी आणि इंग्रजीचं मूळ कूळ एक, हजारो वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, आणि हे शब्द दोघींनी आपापल्या पदरात बांधून नेले. एक शब्द तर इंग्रजीने आपल्याकडूनच नेला: मुंगूस. तिकडे तो ‘मंगूस’ झाला.

आता स्वयंपाकघरात या. तो चमचा, ती वाटी, ते ताट. तो भात, ती पोळी, ते वरण. वस्तूंना लिंग असतं ही कल्पनाच इंग्रजीला परकी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखी तीन लिंगं होती, नंतर ती झिजून गेली. आकारान्त बहुधा तो, ईकारान्त बहुधा ती, हे तिला दोन दिवसांत कळेल, आणि तिसऱ्या दिवशी ती विचारेल की मग पाणी, लोणी आणि दही ‘ते’ का? उत्तर शोधू नका. सुरुवातीपासूनच तिला ‘वाटी’ शिकवू नका, ‘माझी वाटी’ शिकवा. ‘माझा चमचा, माझी वाटी, माझं ताट’ असं जोडीने कानावर पडलं की लिंग शब्दाबरोबरच येऊन बसतं, वेगळं पाठ करावं लागत नाही. माझ्या एकतीस वर्षांच्या शिकवण्यातला हा सगळ्यात कामाला आलेला धडा आहे.

शब्दाला काही चिकटलं की त्याचं रूप बदलतं, ही त्यापुढची गाठ. तूप, पण तुपात. दूध, पण दुधात. पाऊस, पण पावसात. देऊळ, पण देवळात. बिचारी शब्दकोशात ‘देवळ’ शोधत बसते आणि तिला ते सापडत नाही, कारण ते ‘देऊळ’ या नावाखाली आहे. परक्या माणसाला मराठी येत नाही असं आपण म्हणतो तेव्हा कितीदा तरी त्याला शब्द माहीत असतो, फक्त ओळखू येत नाही. म्हणून इथेही जोडीच द्या. डबा उघडताना ‘हे तूप’ म्हणा आणि चमचा घालताना ‘तुपात’ म्हणा.

क्रियापदाचं एक सांगून पुढे जाते. तिने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. खाणारी एकच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. यात ती सहा महिने चुकेल. चुकू द्या, अर्थ कळतो.

आता ‘मी भूक आहे’. वहिनी, त्या वाक्यामागे तिने किती विचार केला असेल ते बघा. इंग्रजीत भूक ही माणसाची अवस्था असते, जसं ‘मी उंच आहे’ तसं ‘मी भुकेली आहे’. तिने ‘मी’ आणलं, ‘आहे’ आणलं, भुकेचा शब्द शोधला, ‘आहे’ शेवटी ठेवलं. शब्दांचा क्रम पक्का मराठी होता! इंग्रजी बोलणाऱ्याला क्रियापद शेवटी ठेवणं किती जड जातं ते मला माहीत आहे, आणि ते तिने भर पंगतीत, वीस माणसांसमोर केलं. राहिलं ते एवढंच की मराठीत भूक माणसाकडे चालत येते आणि त्याला लागते. मला भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते, राग येतो, कंटाळा येतो, तुझी आठवण येते, मला सुचतं, समजतं, आवडतं. आपल्या भाषेत इतक्या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याच्याकडे येतात. हे सगळं ‘मला’चं कुटुंब तिला एकदम द्या. माझ्या मते ‘मी’च्या आधी ‘मला’ शिकवायला हवं. ‘मला चहा हवा’, ‘मला माहीत नाही’, ‘मला येतं’ एवढ्यावर माणूस पंधरा दिवस घरात काढू शकतो.

आणि आता हसण्याबद्दल. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, कौतुकाचंच हसू असेल. पण परकी भाषा बोलताना माणूस पुन्हा लहान होतो. तिकडे ऑफिसात दहा जणांना काम वाटून देणारी बाई इथे तीन वर्षांच्या मुलासारखी बोलत असते, आणि हे तिला स्वतःला प्रत्येक शब्दाला टोचत असतं. मुलाला आपण हसतो तेव्हा ते आपल्याबरोबर हसतं. मोठं माणूस गप्प होतं. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी कॅनडाहून आलेली एक मुलगी मराठी शिकायला येत असे. ती बोलायला लागली की मी दर दोन शब्दांना तिला थांबवून दुरुस्त करायची, मला वाटायचं हेच शिकवणं. दोन महिन्यांनी ती यायची थांबली. जाताना म्हणाली की इथून घरी गेल्यावर दिवसभर कोणाशीच बोलावंसं वाटत नाही. ते मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर मी दुरुस्त करायची पद्धत बदलली.

पद्धत साधी आहे. ती म्हणाली ‘मी भूक आहे’, तर तुम्ही म्हणायचं, ‘तुला भूक लागली? चल, पान वाढते.’ बस. चूक दाखवली नाही, बरोबर वाक्य कानावर पडलं, आणि तिच्या बोलण्याचा परिणाम म्हणून समोर ताट आलं. आपल्या मुलांना आपण असंच शिकवलं, कोणाच्या आईने सामान्यरूप समजावून सांगितलं होतं? एका दिवसात एकच चूक उघडपणे सांगायची, तीही तिने विचारली तर. आणि नोव्हेंबरात ती आली की पहिल्याच दिवशी तिला जवळ घेऊन सांगा, मागच्या दिवाळीला आम्ही हसलो ते चुकलं. हे मराठीतच सांगा. तिला कळेल.

हसण्याइतकीच दुसरी अडचण आपल्या शिकलेल्या घरांत असते. समोरचा अडखळला की आपण लगेच इंग्रजीवर उडी मारतो. आपल्याला वाटतं आपण तिची सोय केली, पण तिच्या हातातली काठी आपण काढून घेतलेली असते. तिच्या तोंडात शब्द येत असताना दहा सेकंद थांबणं हे सगळ्यात कठीण काम आहे, आणि ते शिकणाऱ्याचं नाही, तुमचं-माझं आहे. मुलालाही हेच सांगा. चार वर्षांत लीड्सच्या घरात तो तिच्याशी किती तास मराठी बोलला, हे त्याला विचारा. रागावून नाही, खरंच विचारा. भाषा कठीण आहे म्हणून ती तिला आली नाही, की घरात बोलणारं कोणी नव्हतं म्हणून, याचा विचार त्याने करायला हवा.

इंग्रजी बोलणाऱ्याला मराठी जमत नाही असं तो तरीही म्हणाला, तर त्याला माणसं दाखवा. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, आणि १६१६ साली त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्या. कंपनी सरकारच्या पलटणीतल्या जेम्स मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी कोश केला, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि मी आजही अडले की तोच उघडते. आपल्या काळातल्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकन. त्या फलटणला येऊन तिथल्याच झाल्या, मुलांसाठी शाळा काढली आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना मराठी शिकवायची पुस्तकं तयार केली. यांच्यापैकी कोणालाही तास-दोन तासांत मराठी आलं नव्हतं. ते माणसांत राहिले, लोकांचं ऐकत राहिले.

शेजाऱ्यांचा हिंदीचा सल्ला मला पटत नाही. इंदुरात हिंदी शिकवावी लागत नाही, ती कानावर पडते. सराफ्यात रात्री खाऊगल्लीतून एक फेरी, छप्पन दुकानच्या खाऊबाजारात एक संध्याकाळ, भाजीवालीशी चार शब्द, रिक्षावाल्याचं ‘भिया, किधर?’ यातून तिला कामापुरती हिंदी येईल, आणि शिकवायला सगळं शहर आहे. मराठी शिकवायला तुम्ही एकट्या आहात. शिवाय हिंदीत दोनच लिंगं आणि ‘च’ एकच. ते आधी पक्कं बसलं तर ‘ते ताट’ म्हणायला जीभ नंतर कुरकुर करते. मराठीकडून हिंदीकडे जाणं सोपं पडतं. ती कायमची इंदुरात राहायला येणार असती आणि घरात मराठी नसतं, तर मी हिंदीच म्हटलं असतं. तसं नाहीये.

राहिली नणंदबाईंची गोष्ट, जी तुम्हाला लागली. मलाही लागली, कारण माझं मराठी तुमच्यासारखंच आहे. मीही ‘काय करून राहिलीस?’ विचारते, ‘भाजी बनवली’ म्हणते, ‘माझ्याजवळ वेळ नाही’ म्हणते. मल्हारराव होळकरांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मराठी माळव्यात नांदते आहे. इतकी वर्षं मालवी आणि हिंदीच्या शेजारी राहून तिने चार शब्द घेतले, चार वळणं घेतली. वडोदऱ्याच्या मराठीने गुजरातीकडून घेतली, ग्वाल्हेरच्या मराठीने तिथल्या बोलीकडून. घर सोडून इतक्या लांब आलेल्या माणसांनी आठ-नऊ पिढ्या ही भाषा चुलीपाशी जपली, शाळेत हिंदी आणि बाजारात हिंदी असताना जपली. तिला निम्मं हिंदी म्हणणं मला अन्याय वाटतो. तुमच्या सुनेला पुस्तकातलं मराठी नंतर केव्हाही शिकता येईल. तिच्या नवऱ्याची आई ज्या बोलीत बोलते ती बोली तिला दुसरं कोण देणार?

दोन गोष्टी मात्र सांभाळा, हे मी स्वतःलाही सांगते. हिंदीच्या सवयीने आपलं नपुंसकलिंग निसटतं, ‘दही चांगला लागला’ असं आपल्या तोंडून जातं. तिच्यासमोर तेवढं ‘दही चांगलं लागलं’ म्हणायची काळजी घ्या, नाहीतर ती तीन लिंगांची घडी बसवायला बघेल आणि आपण ती मोडत राहू. दुसरं, मराठीत सुरू केलेलं वाक्य मराठीतच संपवा. आपण इंदूरकर वाक्याच्या मध्यावर नकळत हिंदीत जातो. आपल्याला दोन्ही येतात म्हणून चालतं, तिला मात्र सीमा कुठे आहे ते दिसत नाही.

वेळेचं असं करा. सकाळचा तास पोह्यांचा. कांदा चिर, पोहे भिजव, मीठ घाल, झाकण ठेव. हात आणि शब्द बरोबर चालू देत. पहिले दोन आठवडे लिपी आणू नका, कानाने शिकू द्या. मग देवनागरी, आणि ती वहीत कमी, दुकानांच्या पाट्यांवर जास्त. पाट्या हिंदी असतील, अक्षरं तीच आहेत. आकडे वीसपर्यंत शिकवून थांबा. एकोणतीस, एकोणचाळीस यांनी आपली मुलंही रडतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता! सुनेने सत्तावीसला ‘वीस सात’ म्हटलं तर खुशाल म्हणू द्या. जेवताना तिला मोठ्यांच्या गराड्यात बसवू नका, घरातल्या लहान मुलांशेजारी बसवा, ती तेच तेच वाक्य कितीदाही न कंटाळता बोलतात. जानेवारीत आपल्या इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेचं एखादं मराठी नाटक असलं तर घेऊन जा. निम्मंही कळणार नाही, पण भरलेल्या सभागृहात सगळे मराठीत हसताना तिने ऐकायला हवं. आणि ती परत गेल्यावर व्हॉट्सॲपवर रोज एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा. आज काय केलं, कोण आलं होतं, एवढंच. लिहून नको, बोलून.

एक शब्द मात्र पहिल्या दिवसासाठी राखून ठेवा. इंग्रजीत ‘वी’ एकच आहे. आपल्याकडे दोन: ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. इंदूरची हिंदीसुद्धा हे विसरलेली नाही, ‘अपन चलते हैं’ म्हणते. सुरुवातीला ती सगळीकडे ‘आम्ही’च म्हणेल, कारण पुस्तकांत तो आधी येतो. तुम्ही विमानतळावर तिला घ्यायला जाल, सामान गाडीत ठेवाल, तेव्हा दार उघडून तिला एवढंच म्हणा: ‘चल, आपण घरी जाऊ.’ आणि इंग्रजीत सांगू नका.